बर्फ कोणाचा, पदक कोणाचे?

हार्बिन येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या नवव्या आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धेत पुरुषांच्या आइस हॉकीचे सुवर्णपदक पुन्हा एकदा कझाकस्तानकडे गेले. चार दशकांतील विजेत्यांची यादी बारकाईने पाहिली, तर ती खेळाडूंच्या कौशल्याइतकीच या खेळामागे उभ्या राहिलेल्या आणि वेळोवेळी अंग काढून घेतलेल्या आश्रयदात्यांची कहाणी सांगते.

हॉकी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात खडकीच्या धनराज पिल्लेचे नाव येते आणि डोळ्यांसमोर हिरवे मैदान उभे राहते. सापोरो, हार्बिन किंवा उस्त-कामेनोगोर्स्क या शहरांत मात्र हॉकी म्हणजे साठ मीटर लांबीचा बर्फाचा चौक, पायात पोलादी पातीचे बूट, प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू आणि चेंडूऐवजी कडक रबराची चपटी चकती. ‘पक’ या नावाने ओळखली जाणारी ही चकती जेमतेम अडीच सेंटिमीटर जाडीची असते. पण वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत तिच्यामागे धावणाऱ्या खेळाडूंची दमछाक एवढी होते, की मिनिटभराच्या आतबाहेर त्यांची अदलाबदल करावी लागते. साहजिकच बावीस-तेवीस जणांचा कसलेला ताफा असल्याशिवाय संघ उभा राहत नाही. वैयक्तिक खेळात एखादा असामान्य खेळाडू देशाला पदक मिळवून देऊ शकतो. येथे ती सोय नाही. येथे व्यवस्था लागते.

हार्बिनच्या निकालाने नेमके हेच अधोरेखित केले. ७ ते १४ फेब्रुवारी या काळात झालेल्या या स्पर्धेत ३४ देश सहभागी झाले होते. यजमान चीनने ३२ सुवर्णपदकांसह पदकतालिकेत निर्विवाद अग्रस्थान मिळवले. परंतु पुरुषांच्या आइस हॉकीत कझाकस्तानला सुवर्ण, जपानला रौप्य आणि दक्षिण कोरियाला कांस्य मिळाले, आणि ज्या शहरात हिवाळ्यात नदीचा बर्फ कापून त्याचे महाल उभे केले जातात, त्या शहरातच यजमानांचा संघ रिकाम्या हाताने परतला. हा एका दिवसाचा अपघात नव्हे. २०११ आणि २०१७ च्या स्पर्धांतही पदकांच्या मंचावर हेच तीन देश होते आणि चीन मंचाखालीच होता.

या घटनेचा अर्थ लावायचा, तर आशियाई हिवाळी स्पर्धेतील पुरुष हॉकीचा पट मागे उलगडावा लागेल. सापोरोत झालेल्या १९८६ आणि १९९० च्या पहिल्या दोन्ही स्पर्धा चीनने जिंकल्या. १९९६ आणि १९९९ मध्ये कझाकस्तान विजेता ठरला. २००३ आणि २००७ मध्ये जपानने सुवर्ण मिळवले. त्यानंतर २०११, २०१७ आणि २०२५ अशा सलग तीन स्पर्धा पुन्हा कझाकस्तानच्या नावावर जमा झाल्या. वरवर पाहता हा तीन देशांतील सत्तापालट वाटतो. वस्तुत: तो तीन वेगवेगळ्या आश्रयव्यवस्थांचा उदयास्त आहे. चीनचा संघ सरकारी क्रीडायंत्रणेने घडवला, कझाकस्तानचा सोव्हिएत काळातील कारखान्यांनी, तर जपानचा बड्या कंपन्यांनी. विशेष म्हणजे यांतील प्रत्येक व्यवस्थेची फळे ती भरात असताना नव्हे, तर बऱ्याचदा ती मोडकळीस आल्यानंतर हाती आली. आजोबांनी लावलेल्या झाडाचा आंबा नातवाने खावा, तसाच हा प्रकार आहे.

कझाकस्तानचेच उदाहरण घ्या. देशाच्या पूर्व टोकाला असलेले उस्त-कामेनोगोर्स्क, म्हणजे आजचे ओस्केमेन, हे शिसे, जस्त आणि टायटॅनियमच्या कारखान्यांचे शहर. १९५५ मध्ये येथे स्थापन झालेला आणि पुढे ‘तोर्पेदो’ या नावाने गाजलेला क्लब कारखान्यांच्या आधाराने वाढला. भट्टीवर काम करणाऱ्या कामगारांची मुले शाळा सुटली की थेट बर्फावर जात. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाकडून सुवर्ण मिळवणारा बोरिस अलेक्सांद्रोव्ह याच शहरातला. अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये दीर्घकाळ गोलरक्षण करणारा येव्गेनी नाबोकोव्ह आणि टोरांटोकडून खेळलेला निक आंत्रोपोव्हही याच शहरातले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा या नव्या देशाकडे चलनही स्वत:चे नव्हते. पण एका शहराने घडवलेली खेळाडूंची पिढी तयार होती. त्या पिढीने १९९६ मध्ये हार्बिनलाच आशियाचे सुवर्ण जिंकले आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये थेट उपांत्यपूर्व फेरी गाठली. कारखान्याने पेरले, तेव्हा देश वेगळा होता. कापणी झाली, तेव्हा नकाशाच बदललेला होता.

जपानची कथा याहून बोलकी आहे. तेथे आइस हॉकी ही कंपन्यांची मिरासदारी होती. तोमाकोमाईचा संघ ओजी या कागद कंपनीचा, निक्कोचा फुरुकावा या विद्युतसाहित्य कंपनीचा, सापोरोचा स्नो ब्रँड या दूध कंपनीचा. याखेरीज रेल्वे, हॉटेले आणि जमिनींचे साम्राज्य असलेल्या सेइबू उद्योगसमूहाचे दोन संघ होते. खेळाडू कंपनीचे कर्मचारी असत. निवृत्तीनंतर त्यांना नोकरीची शाश्वती असे. ही व्यवस्था भक्कम वाटत होती, पण ती कंपनीच्या ताळेबंदावर टेकलेली होती. १९९९ मध्ये फुरुकावाने आपला संघ बंद केला आणि निक्कोच्या नागरिकांनी वर्गणी जमवत तो ‘आइस बक्स’ या नावाने जिवंत ठेवला. २००० मध्ये स्नो ब्रँडच्या दुधातून हजारो लोकांना विषबाधा झाली; कंपनीची पत कोसळली आणि पुढच्याच वर्षी तिचा हॉकी संघही गेला. दूध नासले, त्याची शिक्षा बर्फावरच्या खेळाडूंना मिळाली. २००३ मध्ये सेइबूचे दोन्ही संघ एक झाले. त्या समूहाचे सर्वेसर्वा आणि जपानी हॉकीचे सर्वांत मोठे आश्रयदाते योशिआकी त्सुत्सुमी यांना २००५ मध्ये रोखेविषयक कायद्याच्या भंगाबद्दल अटक झाली आणि २००९ मध्ये सेइबूचा उरलेला संघही विसर्जित झाला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की २००३ आणि २००७ ही जपानची दोन्ही सुवर्णपदके या पडझडीच्या ऐन मध्यावर आली. पदके जिंकणारे खेळाडू जुन्या, सुस्थित काळात घडले होते. पदकतालिका पाहणाऱ्याला वाटावे, की जपानी हॉकी शिखरावर आहे. प्रत्यक्षात तिच्या पायाखालची जमीन सरकत होती. २००७ नंतर जपानच्या पुरुषांना आशियाचे सुवर्ण पुन्हा मिळालेले नाही. क्रीडाप्रशासकांनी पदकाकडे वर्तमानाचा आरसा म्हणून पाहू नये, ते गतकाळाचे प्रमाणपत्र असते, हा धडा येथून घेता येतो.

या पडझडीतून मार्ग काढण्यासाठी २००३ मध्ये ‘एशिया लीग’ सुरू झाली. एका देशात पुरेसे संघ उरले नाहीत म्हणून जपानी आणि कोरियन क्लबांनी एकत्र येऊन केलेली ही स्पर्धा. पुढे चीन आणि रशियातील संघही तिच्यात काही काळ खेळले. ज्या दोन देशांत इतिहासाचे ओझे पाठ्यपुस्तकांपासून बेटांच्या मालकीपर्यंत पसरलेले आहे, त्यांचे क्लब दर आठवड्याला एकमेकांच्या शहरात जाऊन खेळतात, हे या लीगचे न गाजलेले यश आहे. दक्षिण कोरियाच्या हॉकीला आकार आला तो याच लीगमुळे आणि हाल्ला या उद्योगसमूहाने आन्यांगच्या संघाला दिलेल्या दीर्घ पाठबळामुळे.

कोरियाच्या पुढील प्रवासात मात्र एक नवा घटक शिरला. ऑलिंपिकच्या यजमानाला पुरुषांच्या हॉकीत आपोआप मिळणारा प्रवेश आंतरराष्ट्रीय महासंघाने २००६ च्या तुरिन स्पर्धेनंतर बंद केला होता. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये आपलाच संघ नसावा, ही नामुष्की टाळण्यासाठी कोरियाने उत्तर अमेरिकेत जन्मलेल्या, पण कोरियन क्लबांतून खेळणाऱ्या सहा-सात खेळाडूंना नागरिकत्व दिले. गोलरक्षक मॅट डाल्टन हा त्यांतील सर्वांत परिचित चेहरा. त्यांच्या जोडीला प्रशिक्षक म्हणून आले जिम पेक: सोलमध्ये जन्मलेले, कॅनडात वाढलेले आणि पिट्सबर्गकडून दोनदा स्टॅन्ली चषक जिंकलेले. परिणाम झटपट दिसला. २०१७ च्या सापोरो आशियाई स्पर्धेत कोरियाने जपानला ४-१ असे आणि चीनला तब्बल १०-० असे हरवून रौप्य मिळवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हा संघ जागतिक स्पर्धेच्या अव्वल गटात पोहोचला.

पण २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये चारही सामने गमावून, आणि त्यानंतरच्या जागतिक स्पर्धेत सातही सामने हरून, कोरियाचा संघ होता तेथे परतला. ऑलिंपिकचे दिवे विझल्यावर आश्रयही ओसरला. डेम्योंग उद्योगसमूहाचा क्लब २०२१ मध्ये बंद पडला आणि एशिया लीगमध्ये कोरियाचा भार जवळजवळ एकट्या आन्यांगवर आला. हार्बिनचे कांस्यपदक या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ते अधोगतीचे लक्षण नव्हे. ऑलिंपिकची कृत्रिम भरती ओसरल्यावर उरलेली पाण्याची खरी पातळी ते दाखवते.

चीनने हाच प्रयोग कितीतरी मोठ्या प्रमाणावर केला. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या तयारीसाठी २०१६ मध्ये ‘कुनलुन रेड स्टार’ हा क्लब स्थापन करून त्याला रशियाप्रणीत केएचएल लीगमध्ये उतरवण्यात आले. करोनाकाळात हा ‘चिनी’ क्लब आपले घरचे सामने मॉस्कोजवळच्या मितिश्ची येथे खेळत होता. बीजिंगमध्ये उतरलेल्या चिनी संघातील बहुसंख्य खेळाडू उत्तर अमेरिकेत जन्मलेले होते. काहींचे आजी-आजोबा चिनी, तर काहींचा त्या देशाशी पूर्वी काहीच संबंध नव्हता. अमेरिकन गोलरक्षक जेरेमी स्मिथ अधिकृत यादीत ‘जिएरुइमी शिमिसी’ झाला. दुहेरी नागरिकत्व न मानणाऱ्या चीनमध्ये हे कसे बसवले, यावर अधिकारी मौन बाळगून राहिले. हा संघ अमेरिकेकडून ०-८ असा हरला, जर्मनीविरुद्ध २-३ असा झुंजला, कॅनडाकडून दोनदा पराभूत झाला आणि ऑलिंपिक संपले. तीन वर्षांनी हार्बिनमध्ये आशियाई पातळीवरच पदक हुकले, तेव्हा त्या खटाटोपातून देशाच्या बर्फावर नेमके काय उरले, हा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नाही.

यामागे एक साधा हिशेबही आहे. हॉकीच्या तेवीस खेळाडूंवर वर्षानुवर्षे खर्च करून मिळाले, तर एक सुवर्णपदक मिळते. तेवढ्याच रिंकवर शॉर्ट ट्रॅक स्केटिंगचे मोजके खेळाडू तयार केले, तर अनेक पदके मिळू शकतात. २००२ मध्ये चीनला हिवाळी ऑलिंपिकमधील पहिले सुवर्ण यांग यांग हिने शॉर्ट ट्रॅकमध्येच मिळवून दिले. पदकमोजणीवर पोसलेल्या सरकारी यंत्रणेने सांघिक खेळाकडे पाठ फिरवावी, यात नवल ते काय? एकेकाळी आशियाचे पहिले दोन किताब जिंकून देणारा हेइलोंगजियांग प्रांताचा हॉकीचा वारसा या हिशेबात मागे पडला.

अर्थात, परदेशी जन्माच्या खेळाडूंवर सरसकट टीका करणे न्याय्य ठरणार नाही. नागानोसाठी जपानने कॅनडात जन्मलेल्या जपानी वंशाच्या खेळाडूंना संघात घेतले होते. आजच्या विजेत्या कझाकस्ताननेही २०१६ पासून नायजेल डॉज आणि केव्हिन डॉलमन यांसारख्या कॅनेडियन खेळाडूंना खेळवले. हार्बिनमध्येच पुरुषांच्या कर्लिंगमध्ये स्वित्झर्लंडमध्ये वाढलेल्या फिलिपिनो खेळाडूंच्या संघाने दक्षिण कोरियाला हरवून फिलिपिन्सला सुवर्ण मिळवून दिले आणि मनिलात त्याचा उत्सव झाला. त्या पराभवाची किंमत कोरियन खेळाडूंना वेगळ्याच नाण्यात मोजावी लागली. आशियाई सुवर्णपदक मिळाले असते, तर त्यांना सक्तीच्या लष्करी सेवेत सवलत मिळाली असती. कुणाला राष्ट्राचा खेळाडू म्हणायचे, हा प्रश्न अशा वेळी केवळ भावनेचा उरत नाही. कुणाच्या तरी आयुष्यातील दीड-दोन वर्षे त्यावर अवलंबून असतात.

तेव्हा कसोटी जन्मस्थानाची नसावी. बाहेरून आलेला खेळाडू किंवा प्रशिक्षक स्थानिक मुलांच्या हाती काय देऊन जातो, ही खरी कसोटी आहे. कझाकस्तानने कॅनेडियन खेळाडू घेतले, ते चालू असलेल्या व्यवस्थेच्या जोडीला; ओस्केमेनची क्रीडाशाळा आणि २००८ पासून केएचएलमध्ये खेळणारा अस्तानाचा ‘बारिस’ क्लब त्यामागे उभा होता. जेथे व्यवस्थेऐवजीच खेळाडू आणले गेले, तेथे ते गेल्यावर पाटी कोरी झाली. कझाकस्तानलाही निर्धास्त राहता येणार नाही, हे वेगळे. हार्बिनच्या सुवर्णानंतर तीनच महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, हा संघ जागतिक स्पर्धेच्या अव्वल गटातून खाली घसरला. आशियाचा राजा जगाच्या दरबारात शेवटच्या रांगेत बसतो, ही या खंडाची मर्यादा आहे.

या स्पर्धेचा दुसरा स्तर सहसा बातम्यांत येत नाही. पण भवितव्याचा प्रश्न तेथेच दडला आहे. १९९८ मध्ये आशियाच्या अठरा वर्षांखालील स्पर्धेत दक्षिण कोरियाने थायलंडला ९२-० असे हरवले होते. अशा सामन्यातून विजेत्यालाही काही शिकता येत नाही. म्हणूनच पुढे आशियाई हिवाळी स्पर्धेत संघांची ताकदीनुसार गटवारी सुरू झाली. २०११ मध्ये दोन आणि २०१७ मध्ये तीन गट करण्यात आले. नवख्यांना नवख्यांशी खेळण्याची संधी मिळाली आणि पराभव सोसण्याजोगे झाले. आज बँकॉक आणि मनिला यांसारख्या शहरांत मुले मॉलमधील रिंकवर हॉकी शिकतात. २०१७ च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या फिलिपिन्सकडे बर्फाचा एक नैसर्गिक कणही नाही. संयुक्त अरब अमिरातीत बाहेर वाळू तापत असते आणि आत कॉम्प्रेसर बर्फ गोठवत असतो. उलट मंगोलियात हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो. तरी तेथील पहिले बंदिस्त रिंक उभे राहण्यास २०२१ साल उजाडावे लागले. थंडी निसर्ग देतो, पण खेळण्याजोगा बर्फ व्यवस्थाच देते.

भारताच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ काय? भारत १९८९ पासून आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य आहे. परंतु राष्ट्रीय पुरुष संघ पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला तो वीस वर्षांनी, २००९ मध्ये अबू धाबीत. संघाचा कणा लडाखचा. लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दल हे येथील आश्रयदाते. देशांतर्गत स्पर्धांत त्यांचेच संघ आघाडीवर असतात. लेहमधील तलाव गोठले की खेळ सुरू आणि वितळले की बंद, असा जेमतेम दोन महिन्यांचा हंगाम अनेक पिढ्यांनी काढला. तेथे आता कृत्रिम शीतकरणाची सोय झाली आहे, ही समाधानाची बाब. पण डेहराडूनचा अनुभव विसरता येणार नाही. दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी २०११ मध्ये तेथे मोठे बंदिस्त रिंक बांधण्यात आले आणि २०१२ मध्ये आशियाई चॅलेंज कप स्पर्धाही तेथे झाली. त्यानंतर देखभालीचा आणि विजेचा खर्च कोणी उचलायचा, हे न ठरल्याने ते अनेक वर्षे कुलूपबंद राहिले. ते पुन्हा सुरू झाले २०२५ मध्ये. दरम्यान एक संपूर्ण पिढी वयाबाहेर गेली.

त्याच २०२५ च्या जूनमध्ये भारताच्या महिला संघाने अल ऐन येथे आशिया चषकाचे कांस्यपदक जिंकले. आशियाई हिवाळी क्रीडा स्पर्धेत मात्र भारताला २०२५ पर्यंत कोणत्याही खेळात पदक मिळालेले नाही. महिलांच्या यशाचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण जपानचा अनुभव सांगतो, की पदक हे आधी केलेल्या कामाचे उत्तर असते, पुढे करायच्या कामाची हमी नसते. लडाखच्या मुला-मुलींना वर्षातले दहा महिने बर्फ मिळेल का, सैन्यदलांच्या बाहेर एखादा स्थिर आश्रयदाता उभा राहील का, आणि तो आश्रयदाता एखाद्या उत्सवापुरता न राहता वीस वर्षे टिकेल का, हे प्रश्न कांस्यपदकाने सुटत नाहीत. ते अधिक निकडीचे होतात.

हार्बिनच्या निकालाकडे या नजरेने पाहिले, तर कझाकस्तानचे सुवर्ण, जपानची चिकाटी, कोरियाची ओसरलेली भरती आणि चीनचा रिकामा हात एकाच सूत्रात बसतात. खेळाडू विकत आणता येतात, प्रशिक्षक बोलावता येतात, रिंकही वर्षभरात बांधता येते. त्या रिंकचा दिवा स्पर्धा संपल्यानंतरच्या सोमवारी कोण लावतो आणि पहाटे तेथे येणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला बूट कोण देतो, यावर मात्र पंधरा वर्षांनंतरचे पदक ठरते.